न बोलता फुलं विकताना

चिपळूणच्या बाजारात हाका मारून गजरे विकणं आम्हा बुजऱ्या बायकांना जमत नाही. भाव सांगतानाच आवाज बसतो आणि संध्याकाळी उरलेला मोगरा पिवळा पडतो.

मोबाइलवर बोलावं लागत नाही. चेहराही नको, गजरा आणि हात दिसले की पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात. उत्तर फक्त आपल्यालाच येतं, म्हणजे चारचौघांत घासाघीस नाही. मात्र गिऱ्हाइकानं आपला नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही. म्हणून पुडीवर नंबर लिहा.

सुरंगीचा हंगाम थोड्या दिवसांचा. फुलं आली की त्याच सकाळी फोटो टाका, खाली भाव लिहा. गौरीची मागणी आधीच घ्या, निम्मे पैसे आगाऊ मागा. तोंडानं मागणं जड जातं, लिहून मागता येतं.