कागदावर इनोस, तोंडात क्रासी

अथेन्सच्या उपाहारगृहात छापील मेन्यूकार्डावर वाइनचं नाव असायचं 'इनोस'. ते वाचून गिऱ्हाईक वेटरकडे मागायचं मात्र 'क्रासी'. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९५९ च्या लेखात हे उदाहरण दिलं, आणि त्याच लेखामुळे 'डायग्लॉसिया' हा शब्द इंग्रजीत रुजला.

फर्ग्युसनने तो फ्रेंचवरून घेतला, पण घडण ग्रीक: 'दि' म्हणजे दोन, 'ग्लोसा' म्हणजे जीभ. १८८५ च्या सुमारास रोइदिस आणि प्सिखारिस या ग्रीक लेखकांनी तो स्वतःच्याच भाषेच्या दुखण्याला लावला. शाळा, कोर्ट, सरकारी कागद यांची भाषा काथारेव्हुसा, म्हणजे प्राचीन ग्रीकच्या वळणावर नेलेली. घरात आणि बाजारात मात्र दिमोतिकी. या दोन वेगळ्या भाषा नव्हेत. भाषा एकच, तिची लिहायची तऱ्हा एक आणि बोलायची दुसरी.

आता अलेक्झांड्रोस पालिस. हे गृहस्थ रॅली ब्रदर्स या व्यापारी पेढीत होते आणि त्या नोकरीत काही वर्षं चक्क मुंबईत राहिले होते! त्यांनी मत्तयकृत शुभवर्तमान दिमोतिकीत आणलं. १९०१ मध्ये 'अक्रोपोलिस' या दैनिकातून ते क्रमशः छापून येऊ लागलं आणि अथेन्स पेटलं. धर्मग्रंथ बाजारू भाषेत आणला म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, आठेक माणसं मेली. मुख्य धर्मगुरूंना पद सोडावं लागलं, सरकारही पडलं. एका भाषांतरापायी!

पुढची पाऊणशे वर्षं समित्या, कायदे, उलटे कायदे यांत गेली. ती सोडून देऊ. १९७६ मध्ये दिमोतिकी राजभाषा झाली.

झालं ते न्याय्यच. तरीही आजोबांच्या काळातले कोर्टाचे निकाल, जुनी वर्तमानपत्रं नातवंडांना अडखळत वाचावी लागतात, हे नुकसान लहान म्हणवत नाही.

फर्ग्युसनची उदाहरणं चार होती: अरबी, ग्रीक, हैतीची क्रिओल आणि स्वित्झर्लंडची जर्मन. ज्या ग्रीकने शब्द दिला, तीच आता या यादीतून जवळपास बाहेर पडली आहे. झुरिकमध्ये मात्र आजही वर्तमानपत्र प्रमाण जर्मनमध्ये छापतात आणि त्यातल्या बातमीवरचं भांडण स्विस बोलीत होतं.