ज्याचा फोन आला नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘आजच्या जगातील नोकरी आणि करिअर’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे आणि जेवणाची वेळ जवळ आली आहे. म्हणून मी फक्त माझ्या टेबलावरचं सांगते. गेली पंचवीस वर्षं मी चाकण परिसरातल्या एका कारखान्यात माणसं निवडायचं काम करते. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो.

मी एचआरमध्ये आहे हे कळल्यापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे फोन मला आले आहेत. “अगं, पोराचं जरा बघ की.” त्याचा मला राग नाही. आपण आपल्या माणसालाच सांगणार. पण आज मला ज्याचा फोन आला नाही, त्याच्याबद्दल बोलायचं आहे. तो आज या सभागृहात बसला आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही.

मागच्या मेळाव्यात जेवताना त्याने मला मोबाइलवर मुलाचा फोटो दाखवला आणि सहज म्हणाला, “हा तुझ्याकडे मुलाखतीला येऊन गेला होता.” मी विचारलं, “मग मला सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस. मग त्याला कधीच कळलं नसतं, तो स्वतःच्या जोरावर लागला की माझ्या.”

मला घास गिळवेना. आडनाव आपल्या भागात घरटी सापडणारं, बायोडाटावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. मला पत्ताच नव्हता.

मी मुलाखतींची टिपणं वह्यांत ठेवते. घरी गेल्यावर जुनी वही शोधली. पद होतं क्वालिटी इन्स्पेक्टरचं, मुलगा डिप्लोमा मेकॅनिकल. माझा शेरा दोन ओळींचा: ‘संवादकौशल्य कमी. आत्मविश्वास नाही.’ पुढच्या उमेदवाराची वेळ पाहिली तर या मुलाला मी जेमतेम सहा मिनिटं दिली होती.

त्या दिवशी आम्ही ज्याला घेतलं, तो फार छान बोलायचा. चार महिन्यांत त्याच्या हातून दोनदा सदोष माल पुढे गेला, आणि मग तो स्वतःच सोडून गेला. दोष त्याचा नव्हता. इन्स्पेक्टरचं काम मोजमापाचं. आम्ही त्याला ‘मायक्रोमीटर घे आणि हे मोजून दाखव’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. आम्ही त्याला विचारलं होतं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?”

आणि आपल्या मित्राच्या मुलाचं काय झालं? तो एका छोट्या कारखान्यात लागला. आज तिथला सगळा तपासणी विभाग तो सांभाळतो.

मला झोंबलं ते वेगळंच. वडिलांनी फोन केला असता तर मी त्या मुलाला नक्की पुन्हा बोलावलं असतं, अर्धा तास दिला असता, बुजऱ्या मुलाला खुलवलंही असतं. म्हणजे माझ्याकडे वेळ होता. तो फक्त ओळखीच्यांसाठी राखून ठेवला होता. ज्यांच्या बापाकडे माझा नंबर नाही, अशी किती मुलं सहा मिनिटांत परत गेली असतील? त्या वह्यांत ती सगळी आहेत.

त्यानंतर मी या विषयावरचं संशोधन वाचायला घेतलं. ते आधीच करायला हवं होतं. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या संशोधकांनी ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. कोणत्या पद्धतीने निवडलेला माणूस पुढे खरंच चांगलं काम करतो, हा प्रश्न होता. प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची चाचणी तेव्हा अगदी वरच्या स्थानी आली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. बरेचसे खाली आले. सगळ्यांत वर राहिली ती आखीव मुलाखत, म्हणजे प्रत्येकाला तेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण. मी आयुष्यभर घेत आले तशी मोकळ्या गप्पांची मुलाखत तिच्या निम्म्यानेही उपयोगी ठरली नाही.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. अर्ज चाळणारी ती माणसं दुष्ट असतील असं मला वाटत नाही. ती माझ्यासारखीच घाईत असतील.

मग मी कारखान्यात काही गोष्टी बदलल्या. पहिली चाळणी करणाऱ्याला आता नाव दिसत नाही, क्रमांक दिसतो. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर आपलाही बैठक क्रमांकच असायचा ना? नंतर उमेदवारासमोर एक ड्रॉइंग आणि पाच नग ठेवतो. व्यास २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०५. त्यातले दोन नग मुद्दाम मापाबाहेरचे. वीस मिनिटांत मोजून लिहायचं. त्यानंतर मुलाखत, सगळ्यांना तेच सहा प्रश्न. आणि आम्ही तिघे परीक्षक एकमेकांशी बोलायच्या आधी आपापले गुण कागदावर लिहितो, नाहीतर मोठ्या साहेबांचं मत तेच सगळ्यांचं मत होतं.

प्रॉडक्शनवाले कुरकुरले. भरतीला अर्धा दिवस जास्त जातो, हे खरं आहे. निवड आता चुकतच नाही, असंही मी म्हणणार नाही. पण कुणाला ‘नाही’ म्हणताना का म्हणतो, ते मला सांगता येतं. ‘दोन्ही खराब नग तुमच्या नजरेतून सुटले’ हे ऐकून मुलगा सराव करू शकतो. ‘आत्मविश्वास नाही’ हे ऐकून त्याने काय करायचं?

आपले विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. सर, बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग आठवतो? तुम्ही व्याख्या विचारायच्या आधी प्रत्येकाच्या हातात भिंग द्यायचात. व्याख्या घडाघडा म्हणणारे आम्ही पुढच्या बाकावरचे, पण खिडकीची स्वच्छ प्रतिमा कागदावर पहिल्यांदा पाडायची ती मागच्या बाकावरची, वर्गात तोंड न उघडणारी मुलगी. तुम्ही तिला पूर्ण गुण द्यायचात. मला तेव्हा राग यायचा. जे तुम्ही नववीच्या वर्गात करत होतात, ते मला पन्नाशीत उमगलं.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्यातले बरेच जण आज कुणाला तरी कामावर ठेवतात. कुणाचं दुकान आहे, कुणाचा दवाखाना, कुणी संस्थेच्या निवड समितीवर. पुढच्या वेळी समोरच्याला बोलतं करण्याआधी तासभर काम करू द्या, आणि त्या तासाचे पैसेही द्या.

मला फोनही जरूर करा. फक्त ‘पोराला लावून घे’ म्हणू नका. ‘तुमच्याकडे चाचणीत काय असतं, तयारी कशी करायची’ हे विचारा. ते मी कुणालाही सांगेन, तुमच्या मुलांना आणि तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंच्या मुलांनाही.

आपल्या त्या मित्राच्या मुलाला मी मागच्या वर्षी फोन केला. झालेली चूक सांगितली, आमच्याकडे जागा आहे, चाचणीला ये म्हटलं. तो नम्रपणे म्हणाला, “मावशी, इथे माझ्या हाताखाली आठ मुलं आहेत. त्यांना सोडून नाही यायचं.” मग त्याने विचारलं, ते पाच नग कसे निवडता? त्याला आपल्या कारखान्यात तीच चाचणी सुरू करायची होती.

मी त्याला ड्रॉइंग पाठवून दिलं.