खेळत्या भांडवलाचे फेरे



एखादा धंदा कसा चालला आहे असें विचारलें म्हणजे चालक नफ्याचा आकडा सांगतात. तो नफा मिळवितांना किती पैसा किती दिवस अडकून पडला होता, हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. भाजीवाली पहाटे माल उचलते आणि सांजेपर्यंत पाटी रिकामी करते. तिचा रुपया रोज फिरून घरीं येतो. साखर कारखान्याचा रुपया वर्षांतून तीनचार फेरे करतो. आज बोलावयाचें आहे तें या गतीविषयीं.

कारखान्यांत पैसा ऊस होऊन शिरतो, साखर होऊन गोदामांत बसतो आणि विक्रीनंतर पुन्हां पैसा होतो. माल किती दिवस पडून राहिला व गिऱ्हाइकाकडे उधारी किती दिवस राहिली, यांची बेरीज करावी. ज्यांचें आपण देणें लागतों त्यांना किती दिवस थांबविलें, तें त्यांतून वजा करावें. उरतील ते दिवस पदरच्या किंवा बँकेच्या पैशावर काढावे लागतात. वर्षाला ३६५ कोटींची विक्री करणाऱ्या कारखान्याचा यांतला एक दिवस वांचला, तर ठोकळ मानानें एक कोटी रुपये मोकळे होतात. व्याज शेंकडा दहा धरलें तर ते वर्षाचे दहा लाख झाले.

आतां हा हिशेब कोणत्या तारखेस करावा? नोव्हेंबर ते मार्च साखर सारख्या गतीनें तयार झाली आणि बाराही महिने सारखी विकली गेली असें समजूं. मार्चअखेर गोदामांत सात महिन्यांच्या, म्हणजे सुमारें २१० दिवसांच्या विक्रीइतकी साखर असते. आणि ताळेबंद नेमका ३१ मार्चचा! तेंच गोदाम ऑक्टोबरअखेर पाहावें तर रिकामें. वर्षाची खरी सरासरी १०५ दिवसांच्या आसपास येते. म्हणून हंगामी धंद्यांत महिनेवार शिल्लक पाहिल्यावांचून कोणत्याही चालकास शाबासकी देऊं नये आणि दोषही देऊं नये. शिवाय विक्रीची गती सर्वस्वीं त्याच्या हातीं नसते. जून २०१८ मध्यें केंद्र सरकारनें कारखान्यांना महिनेवार विक्रीचा कोटा पुन्हां लागू केला. तेव्हां गिऱ्हाईक दारांत उभें असलें तरी कोट्याबाहेर साखर हलेना.

परंतु माझा खरा आक्षेप वजाबाकीच्या आकड्याला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानें उसाची किंमत चौदा दिवसांत द्यावी, विलंब झाल्यास शेंकडा पंधरा व्याज द्यावें, असें ठरविलें. उधारी व इतर देणीं सोडून दिलीं, तर नियम पाळणाऱ्या कारखान्याचें चक्र १०५ वजा १४, म्हणजे ९१ दिवसांचें. शेजारच्या कारखान्यानें शेतकऱ्याचे पैसे आणखी नव्वद दिवस अडकविले, तर त्याचें चक्र एका दिवसाचें! कागदावर हा दुसरा कारखाना मोठा कार्यक्षम. त्याचें एकही पोतें लवकर विकलें गेलेलें नसतें. भांडवल तेवढें शेतकऱ्याच्या घरचें वापरलेलें असतें.

आणि त्या घरीं भांडवल काय थोडें गुंतलेलें असतें? आडसाली ऊस जुलै-ऑगस्टांत लावला म्हणजे सोळा ते अठरा महिन्यांनीं तोडणीला येतो. बेणें, खत, पाणी, मजुरी यांवर घातलेला पैसा तितके दिवस जमिनींत असतो आणि सोसायटीच्या कर्जाचें व्याज चालूच राहतें. त्यावर आणखी तीन महिने थांबावयाचें! कारखान्यानें वांचविलेला दिवस येथें खर्ची पडतो. तो कोणत्याच ताळेबंदांत दिसत नाहीं.

सहकारी कारखान्याचा सभासद हाच ऊस घालणारा असतो. वार्षिक सभेंत त्यानें चालकांकडे दोन आकडे मागावे : उसाचें देणें चौदा दिवसांचें धरून येणारें चक्र, आणि प्रत्यक्षांत घडलेलें चक्र. हिशेबनिसाजवळ दोन्हींची सामग्री असतेच. अहवालांत छापावयास एक ओळ पुरेल.