पहिली पायरी

पंढरीला महाद्वारात गेल्यावर आपण पहिल्या पायरीला हात लावतो आणि तो हात कपाळी नेतो. ती नामदेवरायांची पायरी. १३५० साली त्यांनी तिथं समाधी घेतली, अशी आपली परंपरा. समोरच चोखोबांची समाधी. नामदेवरायांनी मागितलं काय? शिखर नाही, गाभारा नाही. संतांच्या पायांची धूळ अंगाला लागावी, एवढंच.

आता तिथून आपल्या दारी या. मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या चाळी घ्या, अंधेरी-बोरिवलीच्या गावठाणातली घरं घ्या. तळघर आपल्याकडे विरळा, पण लाकडी जिना कोणाला ठाऊक नाही? हा जिना झिजला की आधी दर्शन कोणाचं तुटतं? वरच्या मजल्यावरच्या आजीचं. पाय घसरेल या भीतीनं ती खाली येत नाही. काकडआरती सुटते, शेजार सुटतो. आपण म्हणतो, वय झालं. अहो, वय जिन्याचंही झालंय!

मग आपण काय करतो? रंग लावतो, वर रबराची पट्टी ठोकतो. पण रोग तळाशी असतो. पायऱ्या ज्या दोन तिरक्या तुळयांवर बसतात, त्यांची टोकं जमिनीला टेकतात. पावसाळ्याची ओल तिथून चढते, ओलीमागं वाळवी येते. म्हणून जाणता सुतार आधी खाली बसतो, टोच्यानं लाकूड टोचून बघतो. टोच्या रुतला, तर जिन्याला टेकू द्यायचा, कुजका भाग कापून काढायचा, ओल थांबवायची आणि नवं लाकूड दगडी उंचवट्यावर टेकवायचं.

आणखी एक ऐका. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. दोन-तीन पायऱ्या चढलो की आपण खाली बघत नाही, पाय सवयीनं पडतो. मधलीच एखादी बोटभर उंच निघाली की माणूस अडखळलाच. नेमाचंही तसंच बरं का! आज अकरा माळा, उद्या शून्य. तिथं साधक पडतो. थोडं असू द्या, पण रोज सारखं.

मखराच्या वर्गणीला आपला हात सैल सुटतो, जिन्याच्या वर्गणीला आखडतो. म्हणून एवढं करा. आज घरी जाल तेव्हा खालच्या पायरीशी थांबा. हलते का, ओल आहे का, पाहा. ती दुरुस्त होऊन आजी पुन्हा आरतीला आली, तर महाद्वारी पायरीला लावलेला हात सार्थकी लागला.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!