उन्हातली कांजी, सावलीतला चहा

जयपुरातील स्वयंपाकघरांना आंबवण्याची विद्या नवी नाही. बाजरीचे पीठ ताकात कालवून मातीच्या हंडीत उन्हात ठेवतात आणि ते आंबले की शिजवतात. ही राबडी म्हणजे महाराष्ट्रातील आंबिलीची सख्खी बहीणच होय. होळीच्या सुमारास राईची पूड व मीठ घातलेले पाणी तीन-चार दिवस ऊन खाते आणि ते आंबट-झणझणीत झाले की त्यात मुगाचे वडे सोडून कांजीवडा तयार होतो. अशा घरात कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, आला की त्याची बरणीही कांजीशेजारी गच्चीवर मांडावी असे वाटणे स्वाभाविक असले, तरी या दोन पेयांचे मार्ग तेथेच वेगळे होतात.

कांजी आंबते ती राईवर व भाजीवर मुळातच असलेल्या, दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे. त्यांना विरजण लागत नाही आणि हवेवाचूनही त्यांचे काम चालते. चहात मात्र दोन प्रकारचे सूक्ष्मजीव एकमेकांच्या आधाराने राहतात. यीस्ट साखर फोडून तिच्यापासून अल्कोहोल व कर्बवायू तयार करते आणि त्या अल्कोहोलचे जिवाणू शिरक्यातील आम्लात, म्हणजे असेटिक आम्लात, रूपांतर करतात. या जिवाणूंना प्राणवायू लागत असल्यामुळे बरणीचे तोंड रुंद ठेवून त्यावर घट्ट विणीचे कापड बांधतात. पृष्ठभागावर धरणारा सायीसारखा जाड पापुद्रा हे त्यांनीच विणलेले सेल्युलोज असते.

एक लिटर पाण्याला सुमारे 6 ग्रॅम चहा आणि 70 ग्रॅम साखर घेऊन, ते गार झाल्यावर त्यात मागील खेपेचे 100 मिलिलिटर आंबट पेय विरजणासारखे घालतात. कारण सुरुवातीची ही आंबटताच बुरशीला दूर ठेवते. 25 अंश सेल्सियसच्या आसपास सात ते दहा दिवस लागतात, परंतु जयपुरात मे महिन्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो तेव्हा पेय फार लवकर शिरक्यासारखे होते, म्हणून चौथ्या दिवसापासून रोज चव पाहणे इष्ट ठरते. पापुद्र्यावर कोरडी, लवदार बुरशी दिसल्यास मात्र सगळी बरणी टाकून द्यावी लागते.

भांड्याचा विचार या शहरात अधिक महत्त्वाचा आहे. जयपूरच्या निळ्या भांड्यांचा घडीव भाग गारगोटीच्या पुडीचा असून त्यांच्या पारंपरिक झिलईत शिशाचे ऑक्साइड वापरले जाई. आम्ल पदार्थ दिवसेंदिवस साठवल्यास असे शिसे पेयात उतरू शकते, म्हणून काचेची बरणीच योग्य. गच्चीवरचे ऊन कांजीला सोडावे आणि चहाला माठाशेजारचा, घरातील सर्वांत गार कोनाडा द्यावा.