पडद्यावरचे आकडे



येथून तिसरे स्टेशन कल्याण. तेथल्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ दाखवावयास प्रारंभ केला. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे, मागे दिवा, पुढे पडदा, आणि कथा सांगावयास जिवंत माणूस.

आज वेतनकराराच्या बैठकीत मालकपक्ष संगणकावरून तशाच ‘स्लाइड’ दाखवितो. पण एकेका पडद्यावर चाळीस आकडे! मागे बसलेल्या कामगाराने ते वाचावेत, की बोलणाऱ्याचे ऐकावे?

एका कारखान्यात आम्हांस मजुरीखर्चाचे दोन खांब दाखविले. दुसरा पहिल्याच्या चौपट! आमची माणसे चपापली. आम्ही कडेची मोजपट्टी वाचली. ती शून्यापासून नव्हे, ९८ पासून सुरू होत होती. खर्च १०० चा १०६ झालेला. पडद्यावर उंची मात्र २ आणि ८. आकडे खरे, चित्र लबाड.

मग आम्ही आमचे चित्र केले. खांब शून्यापासून, रंग दोनच, अक्षर मागल्या भिंतीपाशी वाचता येईल एवढे. माथ्यावर ‘वेतन-तुलना’ असा कोरडा मथळा न देता सरळ वाक्य लिहिले: ‘पगार वाढला, बाजार त्याच्याही पुढे गेला.’ फिरती अक्षरे आणि वेलबुट्टी लग्नपत्रिकेला ठीक. खाली बारीक ओळ: महागाईचे आकडे केंद्राच्या लेबर ब्यूरोचे, औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकातले.

‘हे आकडे कोठले?’ हाच समोरून पहिला प्रश्न आला. आम्ही त्या ओळीवर बोट ठेवले. त्या दिवशी बोलणी बाजारभावापासून सुरू झाली.