माजी सैनिकांचें शिक्षण आणि शाळांवरील देखरेख

सैन्यांतून निवृत्त झालेला मनुष्य म्हणजे वृद्ध मनुष्य, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. शिपायाच्या दर्जाचे पुष्कळसे लोक पस्तिशी-चाळिशीच्या सुमारासच घरीं परततात. त्या वेळीं मुलें शाळेंत असतात, अंगांत काम करण्याची धमक असते, आणि केवळ निवृत्तिवेतनावर सगळा संसार निभणें कठीण असतें. म्हणूनच अनेक देशांच्या सरकारांनीं माजी सैनिकाच्या व त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा भार थोडाफार उचलला आहे. खजिन्यांतून पैसा काढून देणें हें या कामाचें सोपें अंग होय. तो पैसा ज्या संस्थेच्या पदरांत पडतो ती संस्था खरोखर शिकविते कीं नाहीं, हें पाहणें हें अवघड अंग होय.

छत्रपति संभाजीनगराहून वेरुळावरून पुढें गेलें म्हणजे कन्नड तालुक्यांत देवगांव रंगारी हें गांव लागतें. अशा गांवीं परतलेल्या एखाद्या हवालदाराचें घर क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. मुलगी बारावी झाली आहे, गुण चांगले आहेत. वडिलांना सरहद्दीवरचीं ठाणीं तळहाताप्रमाणें ठाऊक आहेत. परंतु कोणतें कॉलेज खरें आणि कोणतें नुसतें पाटीपुरतें, हें ओळखण्याची संधि त्यांना कधीं मिळालेली नाहीं. घरीं माहितीपुस्तिका येऊन पडतात. प्रत्येकीवर भव्य इमारतीचें चित्र, प्रत्येकींत नोकरीचें आश्वासन. निवड चुकली तर पैसा सरकारचा जाईल. परंतु वर्षें मुलीचीं जातील, आणि गेलेलीं वर्षें कोणताहि खजिना परत करीत नाहीं.

अशा मुलामुलींसाठीं केंद्रीय सैनिक मंडळामार्फत पंतप्रधान शिष्यवृत्ति योजना २००६-०७ पासून चालविण्यांत आली. २०१९ सालीं तिची रक्कम वाढवून मुलांसाठीं दरमहा २,५०० रुपये व मुलींसाठीं ३,००० रुपये करण्यांत आली. म्हणजे मुलीला वर्षाकाठीं ३६,००० रुपये. शिष्यवृत्तींची संख्या दरवर्षीं ५,५०० ठरविण्यांत आली. आधीच्या परीक्षेंत निदान ६० टक्के गुण असावे, अभ्यासक्रम मान्यताप्राप्त व्यावसायिक पदवीचा असावा, आणि पुढेंहि दरवर्षीं समाधानकारक प्रगति दाखवावी, अशा तिच्या अटी. या योजनेंतील एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. पैसा संस्थेच्या हातीं पडत नाहीं; तो विद्यार्थ्याच्या बँकेंतील खात्यांत जमा होतो. ही बाब दिसावयास लहान आहे, पण तिच्यामागें परदेशांतील एका मोठ्या व महाग अनुभवाचा धडा उभा आहे.

तो अनुभव अमेरिकेचा. २२ जून १९४४ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं माजी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. या कायद्यानें शिकूं इच्छिणाऱ्या सैनिकाचें वर्षाला ५०० डॉलरपर्यंतचें शुल्क सरकार परस्पर शाळेला देई, आणि सैनिकाला निर्वाहासाठीं वेगळा भत्ता मिळे. सुमारें ७८ लाख माजी सैनिकांनीं या सवलतीचा लाभ घेतला. त्यांतले सुमारें २२ लाख कॉलेजांत गेले, आणि १९४७ सालीं तर कॉलेजांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. शेतकऱ्यांचीं आणि कामगारांचीं मुलें या एका कायद्यामुळें इंजिनियर, डॉक्टर आणि शिक्षक झालीं. एवढें मोठें लोककल्याणाचें काम फार थोड्या कायद्यांच्या हातून घडलें असेल.

परंतु जेथें गूळ तेथें मुंगळे, हा न्याय तेथेंहि चुकला नाहीं. शुल्क सरकार भरणार आणि विद्यार्थी आपण होऊन येणार, असें दिसतांच नफ्यासाठीं चालणाऱ्या हजारों नव्या धंदेशिक्षणाच्या शाळा उभ्या राहिल्या. कांहींनीं शुल्क फुगवून दाखविलें, कांहींनीं हजेरीपटावर न येणाऱ्यांचीं नांवें ठेवलीं, कांहींनीं ज्या धंद्यांत नोकऱ्याच नव्हत्या त्याचें शिक्षण विकलें. शाळांना मंजुरी देण्याचें काम निरनिराळ्या राज्यांकडे होतें, आणि अर्जांच्या ढिगापुढें तपासणारे अपुरे पडले. अखेर १९५० सालीं प्रतिनिधिगृहानें ऑलिन टीग यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमली.

१९५२ सालच्या नव्या कायद्यांत या चौकशीचीं फळें दिसून आलीं. पैसा शाळेला न देतां सैनिकाच्या हातीं महिन्याच्या महिन्याला द्यावा, म्हणजे तो आपल्या खिशांतला पैसा समजून घासाघीस करील, हा पहिला उपाय. नुकत्याच उघडलेल्या शाळेला लगेच मंजुरी देऊं नये, निदान दोन वर्षें ती चालून दाखवावी, हा दुसरा. तिसरा उपाय अधिक मार्मिक होता. खासगी नफ्याच्या शाळेंतील एखाद्या वर्गांत शंभरांतील पंचाऐशींहून अधिक विद्यार्थ्यांचें शुल्क सरकारच भरीत असेल, तर त्या वर्गांत नवा सैनिक घालूं नये. यामागील तर्क सरळ आहे. शंभरांत पंधरा माणसें तरी पदरचे पैसे मोडून जेथें शिकावयास येत नाहींत, तेथील शिक्षणाची किंमत संशयास्पदच समजावी.

धडा एकदां शिकला म्हणजे कायमचा शिकला, असें मात्र राष्ट्रांच्या बाबतींत होत नाहीं. २००८ सालच्या कायद्यानें अमेरिकेंत शुल्क पुन्हा परस्पर संस्थांकडे जाऊं लागलें. नफ्याच्या कॉलेजांचें निदान दहा टक्के उत्पन्न सरकारी शिक्षणसाह्याबाहेरचें असावें, असा नियम तेथें होता. पण सैनिकांसाठीं मिळणारा सरकारी पैसा त्या हिशेबांत सरकारी धरला जात नसे. त्यामुळें असा प्रत्येक विद्यार्थी अशा संस्थांना दुहेरी लाभाचा वाटूं लागला. २०१६ सालीं आय. टी. टी. ही मोठी शिक्षणसंस्था एकाएकीं बंद पडली आणि हजारों माजी सैनिक मधल्यामध्यें अडकले. बंद पडलेल्या संस्थेंत खर्ची पडलेला हक्क सैनिकाला परत मिळावा, अशी तरतूद २०१७ सालीं झाली. आणि हिशेबांतील ती पळवाट २०२१ च्या कायद्यानें बुजविली गेली.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडचें म्हणून महाराष्ट्राला निश्चिंत राहतां येणार नाहीं. सैनिकांच्या योजनांशीं संबंध नसलेला, पण याच रोगाची ओळख पटविणारा एक दाखला घरचाच आहे. शाळांचें अनुदान व शिक्षकांचीं पदें पटावरील संख्येवरून ठरतात. तेव्हां पट फुगविण्याचा मोह उत्पन्न होतो. या मोहाची परीक्षा ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत झाली. राज्यभर एकाच वेळीं पटपडताळणी करण्यांत आली. एकच मूल दोन शाळांत मोजलें जाऊं नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानाप्रमाणें शाई लावण्यांत आली. त्या तीन दिवसांत पटावर असलेलीं लाखों मुलें वर्गांत आढळलीं नाहींत. वर्षानुवर्षें तपासणीचे शेरे ज्या वह्यांवर पडत होते त्या वह्या आंकड्यांनीं बिनचूक होत्या. कमी होतीं तीं मुलें. कागद तपासणें आणि शाळा तपासणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें त्या शाईनें सर्वांना दाखवून दिलें.

आतां आपल्याकडील सैनिकांच्या योजनांकडे या दृष्टीनें पाहावें. शिष्यवृत्तीचा पैसा विद्यार्थ्याच्या खात्यांत जातो, हें उत्तम. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वडिलांच्या सेवेची खातरजमा करतें, हेंहि योग्य. परंतु मुलगी खरोखर शिकत आहे, याचा दाखला देतो कोण? ज्या संस्थेला तिचें शुल्क मिळावयाचें तीच संस्था. ज्याचा लाभ त्याचीच साक्ष, हें न्यायाच्या कोणत्याहि कसोटीला उतरणारें नाहीं. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जवानांसाठीं पुनर्वसन महासंचालनालय निवडक संस्थांतून जे धंदेशिक्षणाचे वर्ग चालवितें, त्यांच्या बाबतींतहि तोच प्रश्न उभा राहतो. वर्ग पुरा केलेल्यांपैकीं किती जणांना त्या धंद्यांत काम मिळालें, हा आंकडा संस्थेच्या नांवासह दरवर्षीं प्रसिद्ध होईल तर देवगांवच्या हवालदाराला शंभर माहितीपुस्तिकांपेक्षां त्याचा अधिक उपयोग होईल.

देखरेख वाढली कीं कागद वाढतात, कागद वाढले कीं पैसा अडतो, आणि अडलेल्या पैशाचा चटका वीरपत्नीला व तिच्या मुलाला बसतो, असा आक्षेप घेण्यांत येतो. तो खोटा नाहीं. म्हणूनच देखरेखीचा भार कोणावर टाकावयाचा याचा विवेक पाहिजे. विद्यार्थ्याकडून एक दाखला कमी मागावा आणि संस्थेकडून दोन अधिक मागावे. अधिकाऱ्यानें पूर्वसूचना न देतां वर्गांत जावें, मुलांना चार प्रश्न विचारावे, शिक्षक कोण आहेत तें पाहावें. असा एक फेरा कार्यालयांतील दहा फायलींच्या तोडीचा ठरतो. चांगल्या शाळेला या फेऱ्याचें भय वाटण्याचें कारण नाहीं.

हा प्रश्न पुढील काळांत अधिक निकडीचा होणार आहे. २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निपथ योजनेंत तरुण चार वर्षांसाठीं सैन्यांत घेतले जातात. त्यांतील फार तर चतुर्थांश कायम होतात. बाकीचे पंचविशीच्या आंतबाहेर, सुमारें ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधि घेऊन बाहेर पडावयाचे. वय शिकण्याचें, हातीं एकरकमी पैसा, आणि नोकरीची निकड, अशा तरुणाच्या दाराशीं कोणकोणत्या संस्था येऊन उभ्या राहतील, हें सांगावयास ज्योतिषी नको. तो पैसा सरकारी शिष्यवृत्तीचा नसून त्याच्या स्वतःच्या सेवेचा आहे. म्हणून त्याच्या राखणीकडे तर अधिकच लक्ष पाहिजे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना या कामीं पुष्कळ करतां येण्यासारखें आहे. गांवाकडचा एखादा आप्त किंवा ओळखीचा माजी सैनिक मुलांच्या कॉलेजाविषयीं विचारावयास येतो, तेव्हां त्याला नुसतें नांव सुचवून वाटेस लावूं नये. त्या संस्थेला मान्यता कोणाची आहे, ती किती वर्षें चालू आहे, पदरचे पैसे भरून तेथें कोणी शिकतें काय, आणि मागील तुकडीचीं मुलें आज कोठें आहेत, या चार गोष्टी त्याच्याबरोबर बसून शोधाव्या. शक्य तर एक दिवस काढून तो वर्ग पाहून यावा. सरकारचा तपासनीस वर्षांतून एकदां येईल किंवा येणारहि नाहीं. परंतु प्रवेशाच्या आधीं एका जाणत्या माणसानें केलेली चौकशी त्या मुलीचीं चार वर्षें वांचवूं शकते.